जवळची नोंद

ओजस्वीचा आकडा तिच्या आईवडिलांच्या आधी तिच्या आत्याला कळला.

आत्या म्हणजे वर्षाराणी हलकुडे. लातुरात ‘पायरी शिक्षण वित्त’ या कंपनीत ती समुपदेशक होती. बारावी झालेली मुलं पालकांना घेऊन तिच्या टेबलासमोर बसत. ती संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवी आणि त्यावर काय आलंय ते साध्या मराठीत सांगे. सांगताना आवाज चढवायचा नाही, मुलगी रडली तर पाण्याची बाटली पुढे करायची, बापाला राग आला तर तो ओसरेपर्यंत गप्प बसायचं, हे सगळं तिला सरावाने जमत होतं. पण त्या दिवशी यादीत भाचीचं नाव दिसलं तेव्हा तिने आधी दाराकडे बघून घेतलं आणि मग तिचं पान उघडलं.

वैद्यकीय सहाय्यक, १.२१. विमा-दावा पडताळणी, १.६४. शीतगृह व्यवस्थापन, १.३८. पान खाली सरकवल्यावर शेवटच्या ओळीत जीवशास्त्र, पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, पुणे, ०.९३.

ओजस्वीने पहिली पसंती त्या शेवटच्या ओळीला दिली होती.

आकडा सुरू होऊन तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कोणी घेत नसे. कल्पना सोपी होती. शिक्षणावर एक रुपया खर्च केला तर आयुष्यभरात किती रुपये परत येतील? म्हणजे, बारावीवर थांबून जे कमावलं असतं त्याच्या वर किती? एकाच्या पुढे आकडा आला तर शिक्षण परवडलं. एकाच्या खाली आला तर तेवढं नुकसान.

असा हिशोब पूर्वीही लोक मनातल्या मनात करत. पण तो ढोबळ असे आणि शेजारच्याच्या मुलाकडे बघून केलेला असे. यंत्र तेच करत होतं, फक्त त्याचे शेजारी कोट्यवधी होते. प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी, बँकेतली जमा, घरभाडं, नोकरी सुटल्याचे महिने, हे सगळं नाव पुसून त्यात जात असे. तुमच्यासारखीच माणसं ते त्यातून शोधून काढी. तोच जिल्हा, तसंच घर, तसेच गुण, तीच भाषा, तोच विषय. लोक त्यांना ‘जुळे’ म्हणत. जुळ्यांचं आयुष्य आधी जगून झालेलं असे. जो जितका तुमच्याजवळचा, तितकं त्याच्या कमाईला जास्त वजन. सगळ्यांची वजनासकट सरासरी काढली की तुमचा आकडा निघे.

आणि तो खरा ठरत असे, हीच अडचण होती. बँका त्यावर कर्ज देऊ लागल्या. कॉलेजांचं अनुदान प्रवेश घेतलेल्या मुलांच्या आकड्यावर ठरू लागलं, त्यामुळे कॉलेजं कमी आकड्याच्या मुलांना दारातूनच परत पाठवू लागली. मग नोकरी देणाऱ्यांनीही तो बघायला सुरुवात केली. वर्षाराणी पूर्वी एमआयडीसीतल्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत होती. पगारवाढ मागायला गेली तेव्हा मालकाने अगदी सौजन्याने सांगितलं होतं, “मॅडम, तुमच्या शिक्षणाला बाजारात एवढंच मिळतं असं आकड्यात आहे. मी जास्त कशाला देऊ?” त्याने दिला नाही, म्हणून त्या वर्षी तिच्या नोंदीत कमी पगार पडला, म्हणून पुढच्या वर्षीच्या मुलींचा आकडा आणखी उतरला. विहिरीतलं पाणी किती आहे ते बघायला रोज बादलीभर काढायचं आणि बाहेर ओतून द्यायचं, असं ते चाललं होतं. लातुरातली जीवशास्त्राची पदवी एकेका कॉलेजात बंद झाली. वर्षाराणी जिथे शिकली होती तिथल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आता संगणकावरच्या परीक्षा होत.

तिने पडदा बंद केला आणि संध्याकाळी भावाकडे गेली.

बसवराज तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो आणि त्याची बायको महानंदा क्लासेसच्या भागात मुलांसाठी मेस चालवत. एकेकाळी त्यांच्याकडे दोन्ही वेळेला पंगती उठत. डॉक्टर व्हायला गावोगावहून मुलं लातूरला येत तेव्हाची ती गोष्ट. आकडा आल्यापासून ज्यांना वैद्यकीयचा आकडा लागत नाही ती मुलं गावातूनच दुसरीकडे वळत. आता मेसमध्ये तीस मुलं झाली तरी महानंदाला बरं वाटे.

“अक्का, तुम्हाला कळलं असंल की,” महानंदा भाकरी थापता थापता म्हणाली.

“कळलं.”

“किती?”

वर्षाराणीने सांगितलं. महानंदाने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. “म्हणजे बुडतीच,” ती म्हणाली.

ओजस्वी गच्चीवर होती. उन्हाळा संपत आला म्हणून बसवराजने कूलर खोलून ठेवला होता आणि ओजस्वी त्याच्या तळाशी साठलेला वाळका गाळ चमच्याने खरवडत होती. शाळेने विकायला काढलेलं एक जुनं सूक्ष्मदर्शक तिने दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं.

“आत्या, ये. बघ.”

काचेवर थेंबभर पाण्यात तो गाळ होता. वर्षाराणीने डोळा लावला. आधी नुसते मातीचे कण दिसले. मग त्यातला एक कण लांब झाला, आखडला, पुन्हा लांब झाला. पुढच्या टोकाला दोन चक्रं फिरू लागली. पाण्यातला चक्रधर, म्हणजे रोटिफर, वाळला तरी पाणी मिळताच पुन्हा जिवंत होणारा. पंचवीस वर्षांत तिने तो पाहिला नव्हता.

“मागच्या वर्षीचा गाळ आहे,” ओजस्वी म्हणाली. “मी डबीत कोरडा ठेवला होता. काल कूलरमधून काढलेला पाण्यात घातला तर त्यातला चक्रधर तासाभरात उठला. हा दोन दिवस झाले तरी उठंना. आज उठला. दोन्ही एकाच कूलरचे, मग एकाला एवढा वेळ का लागायला? मी पुस्तकात बघितलं, तिथं नाही. नेटवर विचारलं तर तिथंही नेमकं नाही. म्हणजे कोणी बघितलंच नसंल का?”

“बघितलं असेल कुणीतरी.”

“तुला माहितीय का?”

“नाही.”

“मग मी बघते,” ओजस्वी म्हणाली. तिने डबीवर तारीख घातली आणि झाकण लावलं. एवढ्यावर विषय मिटल्यासारखी ती आत्याकडे वळली. “आकडा कमी आला ना? मला माहीत होतं. पण पुण्याच्या संस्थेला पॉइंट नव्वद लागतो. मला त्याच्या वर आलाय ना? प्रवेश मिळतो.”

“प्रवेश मिळतो. कर्ज मिळत नाही. कर्जाला पूर्ण एक लागतो.”

“ते पप्पा बघतील म्हणाले.”

पप्पांनी काय बघितलं ते जेवताना कळलं. औसा रोडला बसवराजचा एक प्लॉट होता. त्यावर पुढेमागे स्वतःची मेस बांधायची, भाड्याच्या जागेतून सुटायचं, असं नवराबायकोचं वीस वर्षांचं म्हणणं होतं. तो विकायला त्याने माणूस बघितला होता.

“बसू, वेडा झालास का?” वर्षाराणी म्हणाली.

“काय करायचं मग अक्का? पोरगी दोन वर्षं झाली दुसरं काही बोलंना.”

“आकडा एकाच्या खाली आहे. मी रोज लोकांना हेच सांगते. घातलेले पैसे परत येत नाहीत.”

“तू पण हेच शिकलीस की.”

“म्हणून तर सांगायलेय.”

महानंदाने नवऱ्याच्या ताटात आमटी वाढली, मग नणंदेच्या. प्लॉटचा विषय निघाल्यापासून तिने कुणाच्याही तोंडाकडे बघितलं नव्हतं.

बसवराज म्हणाला, “परत येत नाहीत, पण थोडंच कमी येतंय ना? रुपयाला सात पैसे. लग्नात त्याच्यापेक्षा जास्त जातेत.”

वर्षाराणी उठताना म्हणाली, “आठ दिवस थांब. प्लॉटचा इसार घेऊ नको. मी काय होतंय का बघते.”

समुपदेशकाला एक छोटा अधिकार होता. मुलाची विशेष गुणवत्ता दिसली तर शेरा लिहून आकडा पाच शतांशांनी वाढवून मागता येई. तिने शेरा लिहिला, कूलरच्या गाळाचं सगळं लिहिलं. पण ०.९३ चे ०.९८ झाले असते, एक झाला नसता. शाखेचे व्यवस्थापक अंबुलगे यांनी तो वाचून बाजूला ठेवला.

“नात्यातली आहे का?”

“भावाची मुलगी.”

“मग शेरा चालत नाही, मॅडम. आणि चालला तरी पुरत नाही.” ते वाईट माणूस नव्हते. पुढे म्हणाले, “जुळे उघडून बघा. कधीकधी एखादी चुकीची नोंद असते. हरकत घेता येते.”

जुळे उघडून बघायची वेळ क्वचित येई. मोठ्या अभ्यासक्रमांना ते हजारोंनी असत, एकेकाला बघण्यात अर्थ नसे. जीवशास्त्राला, लातूर जिल्हा, मेस किंवा किराण्यासारखा घरचा धंदा, मुलगी, मराठी माध्यम, असे अकराच निघाले. नाव नव्हतं, रक्कम नव्हती. खाजगीपणाच्या कायद्याने ती झाकलेली असे. फक्त आयुष्याची मोघम रेघ होती. कधी शिकली, कधी नोकरी लागली, कधी सुटली, आणि ओजस्वीशी जवळीक किती. बाकीच्यांची जवळीक पाच, सात, नऊ टक्के अशी होती. सगळ्यात वरच्या नोंदीला एकतीस टक्के वजन होतं.

ती रेघ वर्षाराणीने वाचली. सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर. त्यानंतर तीन वर्षं कमाई नाही. खाजगी शाळेत तासिका तत्त्वावर दोन वर्षं. पुन्हा खंड. माती-परीक्षण प्रयोगशाळा. ती बंद. पुन्हा खंड. मग वित्तसंस्था.

नाव नसलं तरी स्वतःचं आयुष्य ओळखायला वेळ लागत नाही. ती वाचून झाल्यावर तिने पुन्हा वरपासून वाचलं. तीन वर्षं कमाई नाही, हे जिथे लिहिलं होतं त्या तीन वर्षांत तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि आई गेली होती. यंत्राला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की छोट्या धंद्याच्या घरातली, मराठी शाळेतली, जीवशास्त्रात हुशार अशी एक मुलगी होती आणि तिचं असं झालं. आता तसल्याच घरातली तसलीच मुलगी आली होती.

भाचीला खाली ओढत होती ती आपणच, हे तिच्या मनात त्या क्षणी पक्कं बसलं. त्यात शंकेला जागा आहे असं तिला वाटलंही नाही. तिच्याबरोबरच्या मुली तिला आठवत होत्या. जयश्री हैदराबादला लशीच्या कंपनीत लागली होती. फरहाना तर विद्यापीठात पहिली आली होती. त्या कुठल्या कुठे गेल्या असतील. मागे राहिलेली, पडत-झडत कशीबशी टेबलाला टेकलेली आपण एक. अकरांत एकतीस टक्के वजन आपल्या पडझडीला. ते काढलं तर राहिलेल्या दहांची सरासरी एकाच्या वर जाईल, निदान टेकेल. मग कर्ज मिळेल, प्लॉट वाचेल.

आणि नोंद काढता येत होती. कायद्यात तशी सोय होती. कुणीही आपली संमती मागे घेऊ शकत असे. मग त्याची सगळी जुनी माहिती पुसली जाई आणि ज्या ज्या आकड्यांत ती धरली होती ते पुन्हा मोजले जात. पण ही सोय फार थोडे लोक वापरत. नोंद नसलेल्या माणसाला स्वतःचा आकडा राहत नसे. आकडा नाही म्हणजे कर्ज नाही, विमा नाही, भाडेकरार नाही आणि वित्तसंस्थेत नोकरी तर नाहीच. पुसलेलं परत भरता येत नसे. अशा लोकांना ‘बिननोंदी’ म्हणत.

तिने अंबुलग्यांना विचारलं. कारण सांगितलं.

“मॅडम, तुमची नोंद कमीच पडते हे तुम्हाला कसं माहीत? रक्कम तर मलाही दिसत नाही.”

“सर, मी जगलेय ना ते.”

“पंधरा दिवस विचार करा,” एवढंच ते म्हणाले. पण पुण्याच्या प्रवेशाची मुदत त्याच्या आत संपत होती.

तिने घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बसवराजने करू दिलं नसतं. तालुक्याच्या नागरी केंद्रात जाऊन तिने अंगठा लावला, डोळ्याची खूण दिली, तीन वेळा ‘होय’ म्हटलं. खिडकीपलीकडच्या मुलीने विचारलं, “काकू, नक्की ना? हे परत फिरत नाही.” वर्षाराणी म्हणाली, “नक्की.” बाहेर आली तेव्हा तिला हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शिक्षणाचा कुणालातरी उपयोग होतोय, असं तिला वाटत होतं. रस्त्यावर उभं राहून तिने उसाचा रस घेतला.

दोन दिवसांनी कंपनीने तिला रीतसर मोकळं केलं. त्याच दुपारी, टेबलाचा खण रिकामा करत असताना, अंबुलग्यांनी तिला आत बोलावलं. दार लावून घेतलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. हे काम त्यांना जमत नव्हतं, ते तिचं काम होतं.

जीवशास्त्र, पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, पुणे, ०.८३.

“चुकलंय,” ती म्हणाली.

“मी पुन्हा मोजायला लावलं.”

“सर, वाढायला पाहिजे. कमी करणारी नोंद काढली तर वाढायला पाहिजे.”

“मॅडम, बसा.”

ती बसली. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. त्या बाटलीकडे बघूनच तिला सगळं कळलं. अकरा मुलींत सगळ्यात जास्त कमावलेली ती होती. तिची नोंद काढून घेतल्यावर राहिलेल्या दहांची सरासरी तेवढी खाली होती.

“पण माझी कमाई ती काय, सर?”

“इथला पगार,” अंबुलगे म्हणाले. “आपल्या जाहिरातीत ‘पदव्युत्तर आवश्यक’ होतं. म्हणजे तो पगार यंत्राने तुमच्या पदवीच्या नावावर धरला. नऊ वर्षं न चुकता.”

मुलांना जीवशास्त्र घेऊ नका म्हणून सांगायचे जे पैसे तिला मिळत होते, जीवशास्त्राची लातुरातली सगळ्यात चांगली कमाई ती होती.

ती घरी गेली नाही. बसस्थानकाच्या उपाहारगृहात बसून तिने जुने क्रमांक शोधले. जयश्रीचा फोन लागला. हैदराबादच्या कंपनीने प्रयोगशाळा आपोआप चालणारी केली तेव्हा माणसं काढली. जयश्री आता झहीराबादला तिसरी-चौथीच्या शिकवण्या घेत होती. “तू बरी निघालीस गं,” ती म्हणाली, “तुझं कायम कौतुक वाटतं आम्हाला.” फरहानाचा फोन तिच्या सुनेने उचलला. उदगीरला त्यांच्या दारात साड्यांना पिको-फॉल करून मिळतो, अम्मीचा हात सफाईदार आहे, साडी द्यायची आहे का, असं तिने विचारलं. वर्षाराणीने आणखी फोन केले नाहीत.

मेसवर पोचली तेव्हा दुपारची जेवणं आटोपली होती. बसवराज, महानंदा आणि ओजस्वी तिघंही टेबलं पुसत होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काय केलं, का केलं, काय झालं. आकडा सांगितला.

बसवराज पहिल्यांदा नोकरीचंच बोलला. “नोकरी गेली? अक्का, तुझी नोकरी गेली?”

“ते जाऊ दे. पॉइंट नव्वदच्या खाली गेला, बसू. आता प्लॉट विकला तरी प्रवेश नाही.”

तो खुर्चीवर बसला. फडकं हातातच होतं. महानंदाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि उरलेलं टेबल पुसलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका झाल्यासारखं काहीतरी येऊन गेलं. वर्षाराणीने ते बघितलं, आणि आपण बघितल्याचं महानंदालाही कळलं. ती घाईघाईने आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ चालू राहिला.

ओजस्वीने विचारलं, “दहाच राहिले?”

“दहा.”

“दहांवरून कसं सांगता येईल आत्या? दहा म्हणजे काहीच नाही. मी दहा चक्रधर बघून काही लिहिलं तर सर फाडून टाकतील.”

“त्यांच्याकडे दहाच आहेत.”

“आणि मी गेले नाही तर अकरावी नोंद होणारच नाही.”

“हो.”

“मग पुढच्या मुलीला पण दहाच.” तिच्या आवाजात राग नव्हता. एखादं कोडं सुटावं आणि उत्तर आवडू नये तशी ती बोलत होती. वर्षाराणीला वाटत होतं, ही ओरडावी, आपल्याला काहीतरी बोलावी. ती म्हणाली, “ओजू, माझ्यामुळं झालं. तू मला बोल.”

“काय बोलू? तू माझ्यासाठीच केलंस ना.” ओजस्वीने आत्याच्या हातातली पिशवी घेऊन खुर्चीवर ठेवली. “तू मला विचारायला पाहिजे होतंस. मी सांगितलं असतं. आधी माहीत नसताना काढून टाकायचं नसतं काही.”

एवढंच ती बोलली आणि जिन्याने वर गेली. तिच्या रडण्याचा आवाज आला नाही. पुढे कितीतरी दिवस वर्षाराणी जिन्याशी थांबून कान देई, पण तो आलाच नाही.

पुण्याच्या संस्थेला त्यांनी अर्ज केला, विनंती केली, बसवराज स्वतः जाऊन आला. तिथल्या बाईंनी ओजस्वीचं काम बघितलं, चहा दिला आणि सांगितलं की अशी मुलगी आम्हाला हवी आहे. आकडा सोडून दुसरं काहीही कमी असतं तरी तिला घेता आलं असतं. पण अनुदान गेलं तर उरलेला विभागही बंद होईल, असं त्या म्हणाल्या. परत येताना बसवराज गाडीत सबंध वाट झोपल्यासारखा डोळे मिटून होता.

ओजस्वीने विमा-दावा पडताळणीला प्रवेश घेतला. दोन वर्षांनी तिला पुण्यातच नोकरी लागली. पिकाचा, गाडीचा, आजारपणाचा दावा खरा की खोटा हे यंत्र सांगे आणि यंत्राला ज्याची खात्री नसे ते ती बघे. ती हुशार होती, वर चढत गेली. तिची कमाई आकड्याने सांगितलेल्या रेघेवर जवळपास तंतोतंत चालली. प्लॉटवर मेस बांधून झाली. वरच्या मजल्यावर मुलींना राहायला खोल्या काढल्या. बसवराज पाहुण्यांना अभिमानाने सगळं फिरवून दाखवी. महानंदाचे गुडघे दुखायला लागले होते, पण आता हाताखाली बायका होत्या.

वर्षाराणीला भाड्याचं घर सोडावं लागलं, बिननोंदी माणसाशी कुणी करार करत नव्हतं. ती भावाकडे आली. सकाळी भाजी चिरायची, दोन्ही वेळेला वाढायचं, खोल्यांतल्या मुलींना हवं-नको बघायचं, असं तिचं काम ठरून गेलं. हातात रोख पैसे लागले तर ओजस्वी आईच्या खात्यावर पाठवी आणि फोनवर सांगे, “त्यातले आत्याला दे.” आत्याच्या नावावर खातं राहिलं नव्हतं.

पाच-सहा वर्षांनी ओजस्वी दिवाळीला आली होती. तिची एक मोठी बढती झाली होती, म्हणून बसवराजने मेसमधल्या मुलींना जेवणात बासुंदी केली. ओजस्वी स्वतः वाढत होती. अंगाने ती जरा भरली होती, बोलणं नेमकं झालं होतं. मुली तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. त्यातली एक, निलंग्याकडची, बारावीला असलेली मुलगी, तिला म्हणाली, “ताई, एक विचारू? मला जीवशास्त्र करायचंय. डॉक्टरकी नको. नुसतं जीवशास्त्र.”

ओजस्वी वाटी भरता भरता थांबली. भिंतीशी भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी असलेली वर्षाराणीही थांबली. ओजस्वी आता काय बोलते याची ती वाट बघत होती.

“आकडा किती आला?” ओजस्वीने विचारलं.

“पॉइंट चौसष्ट.”

“मग कशाला विचारतेस,” ओजस्वी म्हणाली. शब्द कठोर होते, आवाज नव्हता. तिने वाटी मुलीपुढे ठेवली. “विम्याचं बघ. तुझ्यासारखीला आता दोनच्या जवळ येत असेल.”

“एक पॉइंट एक्क्याण्णव आलाय.”

“मग झालं तर.”

मुलीने मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. ती मागे वळून वर्षाराणीकडे बघू लागली. “काकू, तुम्ही हेच शिकलात ना? मला महानंदामावशींनी सांगितलं. तुमचं कसं झालं?”

वर्षाराणीने टोपली खाली ठेवली. सांगायचं होतं ते तिला कुठून सुरू करावं कळेना. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा काय दिसलं होतं तिथून, की तीन वर्षं कमाई नाही तिथून. तिने तोंड उघडलं.

“आत्याचं धरू नकोस,” ओजस्वी पुढच्या ताटाकडे सरकत म्हणाली. “तिची नोंद नाही.”

मुलगी “हो का” म्हणाली आणि जेवू लागली. रांगेच्या टोकाला कुणीतरी भाकरी मागत होतं. वर्षाराणीने टोपली उचलली आणि तिकडे गेली.